विकथेची बाजू

चातुर्मास लागला की आमच्या घरी एक शब्द उंबऱ्यावर येऊन बसायचा: विकथा. दुपारची जेवणं आटोपून चार बायका ओट्यावर टेकायच्या. तुरीच्या डाळीचा भाव, समोरच्या नव्या सुनेचा मोठा आवाज, रेशनच्या दुकानातली रांग, असं काहीबाही सुरू व्हायचं. की आतून सासूबाईंचा आवाज, "पुरे झाली विकथा. माळ घ्या हातात." आम्ही निमूट माळ घ्यायचो. मणी सरकत राहायचे आणि दहा-बारा मण्यांनंतर कुणीतरी हळूच विचारायचं, "मग त्या रांगेचं काय झालं?"

बोथच्या त्या ओट्यावर मी आयुष्यातली निम्मी मतं ऐकली आहेत आणि निम्मी बनवली आहेत. मराठी, तेलुगू, हिंदी, मधूनच बाजाराला आलेल्या एखाद्या बाईची गोंडी, अशा मिळेल त्या भाषेत. तो ओटा आता बराचसा फोनमध्ये गेलाय, बोलणं मात्र तेच आहे. रोजच्या गोष्टींवर रोजचं मत देणं ही माणसाची सवय लिहिण्याच्या कितीतरी आधीची. तिला वाङ्मय म्हणायचं की वटवट, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळतो आहे. कारण ज्या धर्मात मी वाढले त्यानं या बोलण्याला नाव ठेवलेलं आहे, आणि ज्या भाषेत मी लिहिते तिच्यातलं काही अतिशय चांगलं गद्य याच बोलण्यातून आलेलं आहे.

आधी नाव ठेवण्याचं बघू. ठाणांगसूत्रात चार विकथा सांगितल्या आहेत: स्त्रीकथा, भक्तकथा, देशकथा आणि राजकथा. भक्त म्हणजे इथे देवाचा भक्त नव्हे, भात, खाण्यापिण्याच्या गप्पा. हे चार शब्द मला लहानपणापासून पाठ होते. त्यांचे पोटप्रकार वाचले ते लग्नानंतर, आणि वाचताना हसू आवरेना. स्त्रीकथेत स्त्रीची जात, कुळ, रूप आणि कपडेलत्ते. भक्तकथेत स्वयंपाकाला काय काय लागलं, किती लागलं, खर्च किती आला. राजकथेत राजा नगरात कसा शिरला, कसा बाहेर पडला, सैन्य-वाहनं किती, खजिना आणि कोठारं किती. म्हणजे संध्याकाळच्या बातम्याच की! इतक्या शतकांपूर्वी कुणीतरी माणसांच्या गप्पा नीट कान देऊन ऐकल्या आणि त्यांचं वर्गीकरण केलं. निषेध करायला का होईना, पण ऐकल्या. समीक्षक म्हणून मला त्या अनामिक कानाचं कौतुकच वाटतं.

पण समीक्षेचा पहिला प्रश्न असा, की ही यादी कुणी, कुणासाठी केली? ती साधूसाठी आहे. ज्यानं घर सोडलं त्याला घराच्या गोष्टी पुन्हा घराकडे ओढतात, म्हणून त्या वर्ज्य. स्त्रीकथा हे नावच सांगतं की बोलणारा पुरुष आहे आणि स्त्री हा विषय. बोलणारी स्त्रीच असेल तर त्या कथेला काय म्हणायचं, हे यादीत नाही. पहाटे उठून चाळीस माणसांचा स्वयंपाक करणारी बाई "तेल किती लागलं" म्हणते तेव्हा ती भक्तकथा करत नसते, हिशेब करत असते. रेशनच्या रांगेत दोन तास उभी राहिलेली बाई कोठाराबद्दल बोलते ती राजकथा खरी, पण त्या कोठारातलं धान्य तिच्या डब्यात यायचं असतं. साधूचं पथ्य गृहिणीच्या गळ्यात बांधलं की त्याचं पथ्य राहत नाही, तोंडाला लावलेलं कुलूप होतं.

आणि गंमत म्हणजे गृहस्थासाठी आमच्याकडे वेगळी कसोटी आहेच. तत्त्वार्थसूत्रात श्रावकाच्या व्रतांचे अतिचार सांगताना अनर्थदंडविरतीखाली 'मौखर्य' येतं, म्हणजे तोंडाळपणा. अनर्थदंड म्हणजे कारणावाचून केलेली इजा. इथे विषयाला बंदी नाही. विचारलं आहे ते इतकंच: या बोलण्याला काही कारण होतं का, आणि त्यानं कुणाला लागलं का? ही कसोटी मला मान्य आहे. किंबहुना मतांच्या समीक्षेला यापेक्षा चांगली कसोटी मला मिळालेली नाही.

कारण ओटा निष्पाप नव्हता. त्या समोरच्या नव्या सुनेचंच घ्या. "आवाज फार मोठा आहे बाई तिचा," असं आम्ही चौघींनी ठरवलं. ठरवलं हाच शब्द बरोबर. ते मत फिरत फिरत तिच्या माहेरी गेलं, तिथून जाब घेऊन परत आलं, आणि त्यानंतर ती आमच्या ओट्याकडे फिरकली नाही. पुढे कळलं की तिच्या सासूला कमी ऐकू येत होतं. घरात मोठ्यानं बोलावं लागे, ती सवय बाहेरही राहिली. आम्ही चुकीचं ऐकलं नव्हतं, आवाज मोठा होताच. पण आम्ही रस्त्याच्या या बाजूनं ऐकत होतो, हे आमच्यापैकी एकीच्याही मनात आलं नाही. संवत्सरीला मी तिच्या दारात जाऊन "मिच्छामि दुक्कडं" म्हटलं. ती म्हणाली, "असू द्या काकू," आणि चहा ठेवला. तेवढ्यावर ते मिटलं असं मी कधी समजले नाही.

आता या छोट्या मतांचं मोठ्या जगात काय होतं, त्याचा नमुना आमच्याच तालुक्यात आहे. 1956 पर्यंत बोथ हैदराबाद राज्यातला तालुका होता. भाषावार प्रांत करताना आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्याकडे गेले, आणि बोथ तालुक्याचं फक्त इस्लापूर सर्कल कापून त्यांच्याबरोबर गेलं. बाकीचा बोथ आंध्रात राहिला, 2014 पासून तेलंगणात आहे. तालुका असा मधोमध चिरला गेला. त्याआधी राज्य पुनर्रचना आयोगानं लोकांची मतं मागवली होती. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर या तिघांच्या आयोगानं 1955 च्या अहवालात आकडा दिला आहे: देशभरातून 1,52,250 लेखी निवेदनं आली. आणि त्यातली विचारपूर्वक लिहिलेली निवेदनं साधारण दोन हजारांपलीकडे नाहीत, असंही लगेच नोंदवलं आहे. बाकीच्या बहुतेक साध्या तारा, छापील ठराव.

हे वाचून मी बराच वेळ त्या दीड लाखांचा विचार करत होते. आयोगाची अडचण मला समजते. एकच छापील ठराव हजार वेळा आला तर ती हजार मतं नसतात. आजही तयार मजकूर पुढे ढकलणाऱ्याला मी मत देणारा मानत नाही. पण तार पाठवणाऱ्याकडे शब्दागणिक पैसे मोजायचे होते. त्या चार शब्दांमागे काय होतं, हे चार शब्दांत कसं मावणार? आमच्या ओट्यावर एक म्हातारी यायच्या, माहेर इस्लापूरकडचं. त्यांचं म्हणणं असं, "मले कुणी इचारलंच नाही. इचारलं असतं तर सांगितलं असतं, की माहेरची वाट कोठून जाते ते आधी पाहा, मग रेघ मारा." हे मत दोन हजारांत बसलं नसतं. सीमेबद्दल मी जे काही वाचलं त्यात यापेक्षा नेमकं वाक्य मला आठवत नाही.

रोजच्या मतांना मराठीत छापील जागा मिळाली ती वर्तमानपत्रांतल्या पत्रांमुळे. या प्रकारात सगळ्यात मोठं नाव लोकहितवादींचं, हे शाळेतच शिकवतात. गोपाळ हरी देशमुखांनी 1848 मध्ये, पंचविशीत, भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात पत्रं लिहायला सुरुवात केली. 'शतपत्रे' म्हणतात, आहेत एकशे आठ. ती पत्रं आजही वाचवतात, कारण ती लहान आहेत, एका वेळी एकच गोष्ट धरतात आणि अलंकारांत अडकत नाहीत. दानधर्म, लग्नं, विधवा, आळस, इंग्रजांचं राज्य. देशकथा आणि राजकथा काठोकाठ भरलेल्या. ब्राह्मण असून त्यांनी ब्राह्मणांवर जे कोरडे ओढले ते चिपळूणकरांना पुढे निबंधमालेत इतके झोंबले, यातच त्यांचं बळ दिसतं.

तरीही त्यांची पाच-सहा पत्रं सलग वाचली की मला एक थकवा येतो. तो का येतो हे शोधायला वेळ लागला. लोकहितवादी कुठे बसून बोलतात ते पत्रांत फारसं दिसत नाही. 'लोक' असं करतात, लोक तसं करत नाहीत, लोकांना समजत नाही. हे लोक म्हणजे सगळे, आणि लिहिणारा त्यांच्यात आहे की नाही ते धूसर. टोपणनावाला माझा आक्षेप नाही. सरकारी नोकरीतल्या तरुणानं त्या काळी आणखी काय करायचं? पण नाव झाकलं तरी बैठक दाखवता येते. विधवांसाठी तो माणूस मनापासून कळवळतो, पण त्याच्या घरातली बाई या विषयावर काय म्हणाली, हे मला त्याच्याकडून ऐकायचं असतं आणि ते मिळत नाही.

ते मिळतं 34 वर्षांनी, बुलढाण्याहून. ताराबाई शिंदे यांचा 'स्त्री-पुरुष तुलना' हा निबंध 1882 मध्ये पुण्यात छापला गेला. निमित्त अगदी वर्तमानपत्री. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला 1881 मध्ये बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, ती पुढे अपिलात कमी झाली. या खटल्यावरून पेपरांत बायकांच्या नीतीवर जी मतं छापून येऊ लागली, त्यात 'पुणे वैभव'मधला मजकूर होता. तो वाचून ताराबाई संतापल्या आणि लिहायला बसल्या. म्हणजे मराठीतलं हे थोर पुस्तक मुळात बातमीवर दिलेलं एक मत आहे. आमच्या यादीप्रमाणे शुद्ध विकथा.

पुष्कळदा या निबंधाकडे वैचारिक दस्तऐवज म्हणून बघतात, मग त्यातला घरगुतीपणा अडचणीचा वाटू लागतो. मला तो घरगुतीपणाच त्याचा कणा वाटतो. सुरुवातीलाच बाई सांगून टाकतात, की मी मराठमोळ्या घराच्या कोंडीत वाढलेली, जग न पाहिलेली, लिहिणं हे पहिलंच. विनय म्हणून हे ठीकच, पण त्याहून जास्त म्हणजे हा पत्ता आहे. मी इथे बसले आहे, इथून मला इतकं दिसतं. आणि मग त्या जे दिसतं ते बोलत सुटतात: बायकांना जुनं धरायला सांगणारे पुरुष स्वतः मात्र इंग्रजी तऱ्हेचे कपडे नि जोडे कसे घालू लागले, कचेरीत लाच कशी खातात, नाटक-कादंबऱ्यांत बाई कशी रंगवतात, देवादिकांच्या कथांत कुणाचं पाप कुणाच्या माथी मारलं जातं. एकीकडून दुसरीकडे उडी, मधेच शिवी, मधेच प्रश्न. वाक्यं धापा टाकत येतात. निबंध म्हणून बांधणी सैल आहे, मुद्दे पुन्हा पुन्हा येतात, आणि कुठे कुठे त्या पतिव्रतेच्या जुन्या कल्पनेलाच टेकू देतात, हेही लपवण्यात अर्थ नाही. पण पन्नासएक पानांत बोलणारी बाई एकदाही डोळ्यांआड होत नाही.

जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. बाकी जी टीका झाली असेल ती असेल. ताराबाईंचं दुसरं पुस्तक आपल्याकडे नाही. हे एक पुस्तकही जवळजवळ विसरलं गेलं होतं, 1975 मध्ये स. गं. मालशांनी ते पुन्हा उजेडात आणलं. आधीची मुक्ता साळवे आठवते. फुल्यांच्या शाळेतली ती मांग समाजातली मुलगी, तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 1855 मध्ये 'ज्ञानोदय'नं छापला. तिचंही पुढचं लिखाण आपल्यापर्यंत आलेलं नाही. मत द्यायला एकदाच जागा मिळते आणि मग गप्प बसावं लागतं, हा प्रकार कुणाच्या वाट्याला जास्त आला ते मोजायला बोटं पुरतात.

इथे मला आमच्या न्यायशास्त्राकडे यावं लागतं. बिचकू नका, गोष्ट एका अक्षराची आहे. हेमचंद्राचार्यांनी वाक्याचे तीन प्रकार मानले: 'आहेच' हा दुर्नय, 'आहे' हा नय, 'स्यात् आहे' हे प्रमाण. मराठीत राहणाऱ्याला हे चटकन कळतं, कारण मराठी मत हे बहुधा 'च'वर उभं असतं. असंच असतं. तो तसलाच. बायकांना कळतच नाही. कुठलाही वादविवाद घ्या आणि 'च' मोजा. आता 'स्यात्' म्हणजे 'कदाचित' असा समज आहे, तो चूक. स्यात् म्हणजे कथंचित, एका अपेक्षेनं, एका बाजूनं पाहता. त्यात डळमळीतपणा नाही, बाजू सांगणं आहे. आणि खरी मजा पुढे आहे. सप्तभंगीचं पहिलं वाक्य शास्त्रकार मांडतात ते 'स्यात् अस्ति एव' असं. एव, म्हणजे आपला 'च'! तो शास्त्रानं हाकलून दिलेला नाही. आधी बाजू सांगा, मग हवं तितकं ठासून बोला. ताराबाईंच्या निबंधात 'च' रेलचेल आहे, तरी तो मला दुर्नय वाटत नाही तो यामुळे. लोकहितवादींकडे 'च' कमी असेल, पण स्यात् शोधावं लागतं. आणि आम्ही चौघी ओट्यावर? "आवाज मोठाच आहे तिचा." स्यात् गायब.

हे सगळं मी पुस्तकातून शिकले असं सांगायला आवडलं असतं. शिकले ते एका बैठकीत. गावाचं नाव नको. पर्युषणाचा कार्यक्रम ठरत होता. आरतीची, मंगल दिव्याची बोली कशी लावायची, पाटीवर नावं कोणत्या क्रमानं लिहायची, यावर तासभर खल झाला. शेवटी मी म्हटलं, "बोलीच्या रकमेप्रमाणे नावं लागतात ते लागू देत. पण स्वामीवात्सल्याचा स्वयंपाक करणाऱ्यांची नावं कधी वाचलीच जात नाहीत. तीही वाचावीत." एवढंच. क्षणभर शांतता. मग एक ज्येष्ठ गृहस्थ, माणूस खरंच सज्जन, हात जोडून म्हणाले, "ताई, आपला अनेकांतवाद आहे. प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर असतो." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि विषय मंडपवाल्याकडे गेला.

मी घरी येऊन चरफडले. राग त्यांनी नाही म्हटल्याचा नव्हता. ते नाही म्हणालेच नव्हते. सगळे आपापल्या जागी बरोबर, हे वाक्य ऐकायला उदार आहे. पण त्यात स्यात् नाही, कारण कुणाची जागा कोणती ते विचारलेलंच नाही. आणि एवही नाही, कारण कुणी काही ठाम म्हटलेलंच नाही. अनेकांत म्हणजे वस्तूला अनेक अंत, अनेक बाजू. त्या बघायच्या तर एकेका बाजूला जाऊन उभं राहावं लागतं. चुलीच्या बाजूला जाऊन कुणी उभं राहिलं का? हल्ली जिथेतिथे "हे माझं वैयक्तिक मत" असं म्हणून पुढे काहीही बोललं जातं, त्याची जात हीच. वैयक्तिक म्हणताच उत्तर द्यायची जबाबदारी संपते. लोकहितवादींच्या 'लोक' या शब्दापेक्षाही ही पळवाट मला वाईट वाटते, कारण त्यांना निदान उत्तर यायचं, भांडणं व्हायची.

ठाणांगात विकथांबरोबर चांगल्या कथांचेही चार प्रकार आहेत, त्यात एक विक्षेपणी. आपला पक्ष सांगायचा, मग समोरच्याचा सांगायचा. किंवा आधी त्याचा आणि मग आपला. धर्मचर्चेसाठी आहे ते, मला माहीत आहे. पण डाळीच्या भावाची गोष्टही या रीतीनं सांगता येते, हे मी पाहिलंय. तुरीचा भाव चढला की आमच्या ओट्यावर विकत घेणारी बोलायची आणि शेतातून तूर आणणारीही तिथेच पाय पसरून बसलेली असायची. "तुमाले महाग झाली, आमाले कुठं स्वस्त पडली?" असं म्हणायची. कुणी कुणाला पटवलं नाही. मात्र त्या दुपारनंतर 'डाळ महागलीच' एवढंच वाक्य बोलायला जरा जड जाऊ लागलं.

सासूबाई गेल्याला आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या दिवसांत त्या पडून असायच्या तेव्हा ओटा त्यांच्या खोलीत भरायचा. माळ उशाशी असायची. एकदा बोलणं मधेच थांबलं, तर डोळे मिटलेल्याच म्हणाल्या, "काहून थांबल्या? पुढं सांगा." आम्ही एकमेकींकडे पाहिलं, पण विकथा हा शब्द कुणी काढला नाही.

पुढच्या पर्युषणाच्या बैठकीला मी पुन्हा गेले. या वेळी सुरुवात वेगळी केली. म्हटलं, "मी पहाटे चारला उठून भट्टीपाशी बसणारी आहे, तिथून दिसतं ते सांगते." आणि मग जे सांगायचं ते 'च' लावून सांगितलं. मागच्या रांगेतून आणखी दोघी बोलल्या. एकीनं तर माझ्या विरुद्धच, की नावं वाचली की त्यातही मानपान सुरू होईल, नकोच ते. तिचंही म्हणणं मला खोडता आलं नाही. ज्येष्ठांनी सगळं ऐकून घेतलं आणि "पुढच्या वर्षी बघू" असं ठरलं. तोवर रात्रीचे साडेनऊ झाले होते, आणि पारण्याचे मूग अजून निवडायचे होते.